नाव जुळलं म्हणून लग्न जुळत नाही

प्रश्न असा आला आहे : ‘माझे यजमान मूळचे लिंकनशायरचे. त्यांच्या घराण्याचा माग १८४१ च्या जनगणनेपर्यंत लागला. विल्यम आणि मेरी हे जोडपं, राहायला हॉर्नकॅसलजवळच्या एका खेड्यात, धंदा शेतमजुरी. पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा १८१६ चा. त्यांचं लग्न मात्र सापडत नाही. खरं तर तीन ठिकाणी सापडतं, १८११, १८१४ आणि १८१५ साली. तिन्हीकडे नवऱ्याचं नाव-आडनाव तेच आणि नवरी मेरी. यातलं आमचं कुठलं? आणि मेरीचं माहेरचं आडनाव कसं कळणार? त्यांचा एक नातू खडकीच्या छावणीत होता असंही घरात सांगतात.’

ताई, लग्न सापडत नाही म्हणता आणि पुढ्यात तीन लग्नं मांडता! मी बावीस वर्षं इंग्लंडातल्या एका जिल्हा अभिलेखागाराच्या वाचनकक्षात टेबलामागे बसले, आणि टेबलासमोर येणाऱ्या बहुतेकांची कहाणी हीच असायची. लग्न मिळत नाही म्हणून अडलेले थोडे. नको तितकी मिळाली म्हणून अडलेले जास्त, आणि त्यातलं सोयीचं एक उचलून पुढे निघून गेलेले तर सगळ्यांत जास्त. तुम्ही थांबून विचारलंत, हे बरं केलंत.

आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या बाडात एका घराण्याची माणसं एका जागी मिळतात. बाप, मुलगा, नातू अशी ओळ तयार असते. इंग्लंडच्या पॅरिश रजिस्टरात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या नोंदवहीत, घराणं नसतं, फक्त प्रसंग असतात. अमक्या दिवशी बाप्तिस्मा, तमक्या दिवशी लग्न, मग दफन. दोन प्रसंगांतली माणसं एकच आहेत हे रजिस्टर सांगत नाही, ते आपण सिद्ध करायचं असतं. त्यात लग्नाची नोंद ही बिजागरी, कारण बाईचं माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव एकाच ओळीत यायची जागा तेवढीच. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्याचं छापील रजिस्टर आलं. त्यात मुलाचं नाव, आईबापांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा लिहायचे. आईचं माहेर लिहायला रकानाच नव्हता. तुमच्या १८१६ च्या नोंदीत ती नुसती ‘मेरी’ असणार.

म्हणून माझं पहिलं सांगणं : ती तीन लग्नं आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी मेरीचं माहेर दुसऱ्या वाटेनं मिळतं का बघा.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासून पुढेच दिसतं, त्यामुळे आपल्या काळासाठी ती निरुपयोगी असं पुष्कळांना वाटतं. पण जनरल रजिस्टर ऑफिसनं त्यांच्या संकेतस्थळावर जी नवी सूची दिली आहे, तिच्यात आईचं आडनाव थेट १८३७ पासून आहे आणि शोधायला पैसे पडत नाहीत. आता हिशेब करा. मेरीचं लग्न विसाव्या वर्षी १८१५ च्या सुमारास झालं असेल तर १८३७-३८ साली ती बेचाळीस-त्रेचाळीसची होती. शेवटचं शेंडेफळ या सूचीत सापडायला तेवढा वाव पुरतो. १८४१ च्या जनगणनेत घरात दोन-तीन वर्षांचं पोर आहे का बघा. असेल तर अर्धं काम झालं. मात्र ते पोर मेरीचंच, मोठ्या मुलीचं नव्हे, याची खात्री करा. आजीच्या घरी वाढणारी नातवंडं त्या जनगणनेत ओळखू येत नाहीत, कारण १८४१ ला कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहीतच नसत. पंधरा वर्षांवरच्यांची वयंही पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहायचे. चव्वेचाळीसची बाई चाळीसची दिसते.

त्यासाठी १८५१ ची जनगणना पाहायचीच. तिच्यात नातं असतं, नेमकं वय असतं आणि जन्म कुठल्या पॅरिशमधला तेही असतं. १८४१ मध्ये फक्त ‘याच जिल्ह्यात जन्म, हो की नाही’ एवढंच. मेरी १८५१ पर्यंत जिवंत असेल तर तिचं जन्मगाव हा तुमचा सगळ्यांत मोठा पुरावा, कारण लग्न सहसा नवरीच्या पॅरिशमध्ये लागायचं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तसं तिथेही पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा आईच्या गावी झालेला कधीकधी दिसतो. तुमच्या १८१६ च्या नोंदीतलं गाव आणि पुढच्या मुलांचं गाव वेगळं आहे का, हे प्रश्नात आलेलं नाही. बघा.

मुलांची मधली नावंही वाचा. त्या काळी मजुरांच्या मुलांना मधलं नाव क्वचित असायचं, आणि असलं तर ते बरेचदा कुणाचं तरी आडनाव असायचं. आईचं माहेर किंवा आजीचं.

आता ती तीन लग्नं. यातलं खरं कुठलं असा शोध घेऊ नका, खोटी कुठली ते आधी ठरवा. लग्न झालेलं प्रत्येक जोडपं पुढे कुठेतरी गेलं. पोरं झाली, कुणी मेलं, कुणी गाव सोडलं. १८११ चं जोडपं त्यांच्याच गावात १८१८, १८२० ला बाप्तिस्मे करताना दिसलं तर ते तुमचं नव्हे, कारण तुमचं जोडपं तेव्हा हॉर्नकॅसलजवळ आहे. १८१४ च्या लग्नातली मेरी वर्षभरात बाळंतपणात गेली असेल तर तिच्या गावच्या दफनाच्या रजिस्टरात विशी-बाविशीची एक मेरी त्याच आडनावानं सापडेल. १८१३ नंतरच्या दफननोंदीत वय आणि राहण्याचं गाव असतं. नवऱ्याचं नाव बहुधा नसतं, तरी अंदाज बांधता येतो. असं प्रत्येक लग्नामागे वीस-पंचवीस वर्षं चालत जायचं. कंटाळवाणं आहे. पण दोन जोडप्यांचा संसार दुसरीकडे चालू असल्याचं दाखवता आलं, की तिसरं निदान उभं राहायला पात्र ठरतं. पात्र एवढंच. चौथं लग्न कुठल्याच सूचीत न आलेलंही असू शकतं.

हे मी चटका बसून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजींना त्यांच्या पणजीचं लग्न काढून दिलं. नाव बरोबर, साल बरोबर, गाव चार मैलांवर. त्यावरून नवरीच्या माहेरच्या तीन पिढ्या वर चढले. मोठा तक्ता केला, आजींनी चौकटीत लावला. पुढच्या हिवाळ्यात त्याच गावचं दफनाचं रजिस्टर दुसऱ्याच कामासाठी चाळताना ती नवरी दिसली, लग्नानंतर चौदा महिन्यांनी पुरलेली. आजींच्या पणजीला त्यानंतर सहा मुलं झाली होती. तो फोन करताना मला काय वाटलं ते सांगत नाही. तेव्हापासून माझा नियम : ज्या गावात लग्न मिळालं, त्या गावचं दफनाचं रजिस्टर निदान वीस वर्षं पुढे वाचल्याशिवाय पेनानं काही लिहायचं नाही. पेन्सिल चालेल.

याचीच दुसरी बाजू म्हणजे १८१६ ची मेरी आणि १८४१ ची मेरी एकच कशावरून? मेरी, ॲन, एलिझाबेथ, सारा, जेन एवढ्याच नावांत अर्धं गाव बसायचं. पहिली मेरी जाऊन विल्यमनं दुसरी मेरी केली असेल तर तुम्हाला एक नव्हे, दोन लग्नं शोधायची आहेत. मुलांच्या जन्मांत चार-पाच वर्षांची मोकळी जागा दिसली की तिथे संशय घ्या. आणखी एक गंमत यात येते. बायको गेल्यावर मेहुणीशी लग्न लावून देणं आपल्याकडे अगदी घरगुती बाब होती. पोरांना मावशी सांभाळील, यापरतं काय हवं! इंग्लंडच्या चर्चला ते मंजूर नव्हतं, आणि १८३५ च्या कायद्यानं तर पुढची अशी लग्नं पार रद्दबातल ठरवली. ती बंदी १९०७ साली उठली. मधल्या काळात लोकांनी मेहुणीशी लग्नं केलीच, फक्त ओळखीचं कुणी नसलेल्या मोठ्या शहराच्या चर्चमध्ये जाऊन. घराजवळ लग्न न मिळण्याचं हे एक कारण कायम लक्षात ठेवायचं.

मग मूळ पान उघडा. सूचीतली ओळ पुरेशी नाही, पानाचं छायाचित्र बघा. तुमच्या काळाचं नशीब चांगलं आहे, कारण लॉर्ड हार्डविक यांचा १७५३ चा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला आणि त्यानंतर लग्नांचं रजिस्टर वेगळं झालं. प्रत्येक नोंदीत दोघांची नावं, पॅरिश, लग्न बॅन्सनं (चर्चमधल्या जाहीर घोषणेनं) की लायसन्सनं (बिशपच्या परवान्यानं), तारीख, लग्न लावणारा पाद्री, नवरानवरीच्या सह्या किंवा फुल्या आणि निदान दोन साक्षीदार असतात. क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न करावं लागे. म्हणजे १८३७ पर्यंतचे मेथॉडिस्ट असोत, बॅप्टिस्ट असोत की कॅथलिक, कायदेशीर लग्नासाठी तेही याच रजिस्टरात येतात. वय नसतं आणि बापाचं नावही नसतं. ते रकाने १८३७ ला आले, आणि आईचं नाव यायला तर ४ मे २०२१ उजाडावं लागलं!

पानावर सगळ्यांत बोलका भाग म्हणजे साक्षीदार. पण आधी दहा पानं मागे-पुढे उलटा. एखादं नाव प्रत्येक लग्नाला साक्षीदार असेल तर तो पॅरिशचा क्लार्क, त्याचा तुमच्या कुटुंबाशी संबंध नाही. दुसरा साक्षीदार मात्र बहुधा भाऊ, बहीण, मेव्हणा किंवा मैत्रीण. तीनपैकी एका लग्नातल्या साक्षीदाराचं आडनाव १८४१ ला तुमच्या विल्यमच्या शेजारच्या घरात दिसलं, किंवा पुढे एखाद्या मुलाच्या मधल्या नावात आलं, तर त्या एका धाग्याचं मोल नाव जुळण्यापेक्षा दहापट आहे. विल्यमनं सही केली असेल तर ती दुसरीकडच्या सहीशी ताडून पाहता येते. तो स्वतः पुढे कुणाच्या लग्नाला साक्षीदार राहिला असेल तर तिथेही ती मिळेल. फुली असली म्हणून माणूस अगदीच निरक्षर होता असं मात्र धरू नका. त्या काळी आधी वाचायला शिकवत आणि लिहिणं मागाहून. पुष्कळांचं शिक्षण वाचण्यापाशीच थांबे.

‘या पॅरिशचा’ या शब्दांवरही फार भरवसा टाकू नका. लग्नापूर्वी काही आठवडे राहिलेला चाकरही ‘या पॅरिशचा’ होतो. इंग्लंडात बिनलग्नाचे शेतगडी वर्षाच्या करारानं राहायचे, आपल्याकडच्या सालगड्यासारखे. वर्ष संपलं की गाव बदललं. धान्य पिकवणाऱ्या भागांत सुगी आटोपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लग्नांची गर्दी दिसते, ती हातात वर्षाची कमाई आल्यावरची. आपल्याकडेही तुळशीचं लग्न लागल्यावरच मांडव पडतात.

बॅन्स म्हणजे सलग तीन रविवारी चर्चमध्ये ‘अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत आहे का’ असं जाहीर विचारणं. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती वाचकांना हे सांगायला नको. नवरा-नवरी वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे बॅन्स वाचावे लागत. १७५४ नंतर त्यांचीही वही ठेवायची होती. लग्न दुसऱ्या गावात झालेलं असलं तरी नवऱ्याच्या गावच्या बॅन्सच्या वहीत नवरीचं गाव लिहिलेलं मिळतं. म्हणून तुमच्या विल्यमच्या खेड्याची बॅन्सची वही टिकली असेल तर १८१० ते १८१६ पर्यंत ओळीनं वाचा. फार तर तासाभराचं काम. फक्त बॅन्स हा लग्नाचा पुरावा नाही. तिसऱ्या रविवारनंतर मोडलेली सोयरीक वहीत तशीच राहते.

लायसन्सचं लग्न मिळालं तर दिवाळीच. घाई असलेले, लाजणारे किंवा चार पैसे राखून असलेले लोक बिशपच्या कचेरीतून लायसन्स काढायचे. त्यासाठी नवरा शपथेवर निवेदन द्यायचा. त्यात वय, धंदा, गाव आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये हे असतं. १८२३ पर्यंत सोबत जामीनरोखाही लिहून घेत, आणि जामीन राहणारा बरेचदा नवरीचा नातलग असे. लायसन्स स्वतः जोडप्याकडे जायचं, त्यामुळे ते क्वचितच उरतं. निवेदनं आणि रोखे उरतात. तुमच्या भागासाठी ही कागदपत्रं लिंकनच्या अभिलेखागारात आहेत. शेतमजुरानं लायसन्स काढणं विरळा, पण नोंदीत ‘लायसन्सनं’ असं लिहिलं असेल तर तिकडे धावत जा.

मजुरांसाठी खरा खजिना दुसरीकडे असतो, आणि लोक तिकडे फिरकत नाहीत. १६६२ च्या कायद्यानं गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशवर टाकली. कुणी मजूर आजारी पडला, कामाविना राहिला, की गावचे कारभारी त्याला न्यायाधीशापुढे उभा करून त्याची जबानी घ्यायचे : जन्म कुठे, कुणाकडे वर्षभर चाकरी केली, लग्न कधी आणि कुठल्या चर्चमध्ये झालं, मुलं किती. लग्न लागलं की बायकोचा हक्क नवऱ्याच्या पॅरिशचा होई, म्हणून लग्नाचं ठिकाण विचारणं कारभाऱ्यांच्या फायद्याचं होतं. रजिस्टरात दोन ओळींत मावणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य या जबानीत अर्ध्या पानावर मिळतं, तेही त्याच्याच तोंडचं. सगळ्या गावांची कागदपत्रं टिकलेली नाहीत. तुमच्या गावची आहेत का, हे अभिलेखागाराला एक ईमेल करून विचारा. ‘पॅरिश चेस्ट’ची कागदं असं म्हणालात की त्यांना कळेल.

समजा तिन्ही लग्नं बाद झाली. मग जाळं रुंद करायचं. खेड्याभोवती दहा-पंधरा मैलांचा घेरा काढा आणि त्यातली प्रत्येक पॅरिश कुठल्या संकेतस्थळावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहे याची वही करा. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज फुकट आहेत, अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट पैसे घेतात. इंग्लंडातल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत अँसेस्ट्री बसल्या जागी फुकट वापरता येतं. तुम्ही तिकडे असाल तर चौकशी करा. मात्र ‘निकाल नाही’ याचा अर्थ ‘लग्न नाही’ असा नसतो. ती पॅरिश तिथे चढवलेलीच नसेल, किंवा सूची करणाऱ्यानं आडनाव चुकीचं वाचलं असेल. क्लार्क कानावर पडेल तसं लिहायचा. नवरानवरीला लिहिता येत नसेल तर चूक दाखवणार कोण? ‘ह’ गिळणाऱ्याचा हॅरिस कागदावर अ‍ॅरिस होतो. म्हणून फक्त ‘विल्यम’ आणि ‘मेरी’ ही पहिली नावं, साल आणि गाव टाकून, आडनाव न घालता शोधून बघा. त्यातून कधीकधी कमाल बाहेर येते.

रजिस्टर गहाळ असेल किंवा पान उंदरांनी नेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या प्रती बघायच्या. ही पद्धत १५९८ पासून सगळीकडे पक्की झाली. मूळ रजिस्टर आणि प्रत यांत फरक असतो, म्हणून दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही बघा. त्या घेऱ्याबाहेर लिंकन शहर, बोस्टन आणि हंबर नदीपलीकडचं हल ही ठिकाणं तपासा. एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची हरकत नडे, म्हणून जोडपी मोठ्या शहरात, जिथे पाद्र्याला तोंडं ओळखीची नाहीत तिथे जाऊन बॅन्स वाचून घेत. आणि १८१५ म्हणजे नेपोलियनची लढाई संपतानाचं साल. विल्यम त्याआधी मिलिशियात, म्हणजे राखीव फौजेत, असेल तर लग्न पार दुसऱ्या टोकाच्या छावणीच्या गावात झालेलं असू शकतं.

पहिलं मूल १८१६ चं म्हणजे लग्न १८१५ चंच, हाही आपला आपण काढलेला निष्कर्ष आहे. मूल आधी आणि लग्न मागाहून, असं खेड्यांत सर्रास होई. मेरीच्या माहेरच्या आडनावानं, बापाच्या नावाविना बाप्तिस्मा झालेलं एखादं मूल आधी असेल, आणि १८४१ ला ते विल्यमच्या आडनावानं घरात वावरत असेल. यात तोंड लपवण्यासारखं काही नाही. स्ट्रॅटफर्डच्या विल्यम शेक्सपिअरचंच बघा ना!

ते लग्न मी नवशिक्यांना नेहमी उदाहरण म्हणून देत असे, कारण आमच्या धंद्यातल्या सगळ्या अडचणी त्यात एकत्र येतात. त्या लग्नाची नोंद आजवर एकाही पॅरिश रजिस्टरात मिळालेली नाही. मिळतं ते वूस्टरच्या बिशपच्या कचेरीत. २७ नोव्हेंबर १५८२ च्या लायसन्सच्या नोंदीत नवरी ‘ॲन व्हेटली, राहणार टेंपल ग्राफ्टन’. दुसऱ्याच दिवशीच्या चाळीस पौंडांच्या जामीनरोख्यात ती ‘ॲन हॅथवे, राहणार स्ट्रॅटफर्ड’, आणि नवऱ्याचं आडनाव ‘शॅगस्पिअर’! यावरून दोन ॲन होत्या अशी खमंग कथा लोकांनी रचली. पण त्या दिवशी त्याच कचेरीत व्हेटली नावाच्या एका माणसाचा दावा चालू होता. लेखनिकाच्या हातून तेच नाव पुन्हा उतरलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि लेखनिक जवळून पाहिलेल्या मला ते सहज पटतं. रोखा लिहून देणारे दोघे नवरीच्या गावचे शेतकरी. बॅन्स तीनऐवजी एकदाच वाचायची परवानगी. घाई कशाला? २ डिसेंबरला ॲडव्हेंट, म्हणजे नाताळपूर्वीचा व्रताचा काळ, लागत होता आणि त्या काळात बॅन्स नाहीत, लग्न नाही, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबायला सवड नव्हती, कारण थोरल्या सुझॅनाचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा आहे. रजिस्टर गप्प असताना बिशपची कचेरी बोलते, आणि बाप्तिस्म्याच्या तारखेवरून लग्नाची घाई कळते.

त्याच घरातलं धाकट्या ज्युडिथचं लग्न १० फेब्रुवारी १६१६ चं. तेही ईस्टरपूर्वीच्या निषिद्ध काळात, योग्य लायसन्सविना, आणि त्यापायी जावयाला चर्चनं बहिष्कृत केलं. ही तारीख तेव्हाच्या गणनेनं १६१५ मध्ये पडते. १७५२ पर्यंत इंग्लंडात साल २५ मार्चला बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. त्यामुळे रजिस्टरात लग्न एप्रिल १७२० आणि मूल फेब्रुवारी १७२० दिसलं, तर मूल आधीचं नव्हे, लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं आहे. सात आकड्याला ‘बर’ जोडलेलं दिसलं तर तो सप्टेंबर, आणि रोमन दहाला ‘बर’ जोडलेलं असेल तर डिसेंबर. मार्चपासून मोजून बघा.

मेरीचं माहेर मिळालं की तुम्ही या जुन्या काळात शिरणारच, म्हणून तिथले खड्डेही सांगते. रजिस्टरं १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकमानं सुरू झाली, पण पुष्कळ ठिकाणी १५५८ पासूनचीच मिळतात. १५९८ च्या सुमारास जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितल्या तेव्हा एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून उतरवल्या तरी चालेल अशी पळवाट होती, आणि पाद्र्यांनी ती घेतली. १६५३ ते १६६० या राजाविना काळात लग्नं न्यायाधीशापुढे लावायची होती. तेवढी वर्षं विस्कळीत दिसतात. १७५४ आधीच्या नोंदी साधारण एका ओळीच्या, कधी नुसतं नवऱ्याचं नाव ‘आणि त्याची बायको’. लॅटिन असेल तर याकोबुस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मुस म्हणजे तुमचा विल्यम. लंडनचं कुणी असेल तर फ्लीट तुरुंगाच्या आसपास गुपचूप लागलेल्या लग्नांच्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यांतल्या तारखांवर विश्वास ठेवायचा नाही, पैसे दिले की मागची तारीख मिळत असे. सोळाव्या-सतराव्या शतकाचं वळणदार लेखन पाहून घाबरू नका. मोडी येत असेल तर लवकर जमेल, कारण अक्षर चाचपत न बसता शब्दाचा घाट ओळखायची सवय असते. मी पुण्यात मोडी शिकले होते, इथे तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

खडकीच्या नातवाबद्दल थोडंसं. हिंदुस्थानातल्या इंग्रज पाद्र्यांच्या रजिस्टरांच्या प्रती दरवर्षी लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबई इलाख्याचा भाग वेगळा लावलेला आहे, आणि बराचसा फाइंडमायपास्टवर दिसतो. शिपाई असेल तर खडकीबरोबर पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज आणि मुंबईही बघा. पलटणी हलत असत. त्याचं लग्न तिकडे झालं असेल तर नोंदीत बापाचं नाव मिळायची शक्यता असते, आणि ते विल्यमच्या एखाद्या मुलाशी जुळलं तर घरातली गोष्ट खरी ठरेल.

आता क्रम सांगते. आधी नव्या सूचीत १८३७ नंतरचं शेंडेफळ, मग १८५१ ची मेरी, मग तिन्ही गावांचे बाप्तिस्मे आणि दफनं, मग साक्षीदार. तोवर ती तीन लग्नं पेन्सिलीनंच लिहा. १८५१ चं पान आणि तिन्ही नोंदींतल्या साक्षीदारांची नावं मिळाली की मला पाठवा. पानाचा फोटो काढताना वरच्या-खालच्या दोन-दोन नोंदीही येऊ द्या, क्लार्क कोण ते त्याशिवाय कळणार नाही.